बॉनेटवर वाळणारा साबण

आमच्या वाइतोलो गावात गाडी धुणं म्हणजे बादलीभर पाणी फेकायचं, फाटका बनियन फिरवायचा आणि उरलंसुरलं समुद्राच्या वाऱ्यावर सोडायचं. अख्ख्या सवाई बेटावर असंच धुतात, आणि गाड्या धावतातच की. पण एनेलिकोसमोर हे बोलायची सोय नाही. बनियनचं नुसतं नाव काढा, त्याचा चेहरा असा होतो की कुणी त्याच्यादेखत त्याच्या आईच्या गालावर घासणी फिरवतंय.

छप्पन्न वर्षांचा गडी. उंच, जरा पोक आलेला, आणि नजर कायम कशाच्या तरी शोधात. त्याचं हे काळजीचं दुखणं ऑकलंडचं. तिकडे गाड्या रंगवायच्या एका शेडमध्ये तो एकोणीस वर्षं होता. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून स्पंज खाली पडला. त्याने तो उचलला, झटकला आणि काम पुढे सुरू केलं. झटकून काय होतंय? वाळूचा एक कण आत राहिला होता. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी बारीक रेघ उठली. मालक ओरडला नाही, त्याने शिवीही दिली नाही. गाडी उन्हात काढली, एनेलिकोला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, बघ. बराच वेळ बघायला लावलं. तो कण तेव्हा याच्या डोक्यात जो शिरला तो काही निघाला नाही. पुढे, अकरा वर्षांपूर्वी, आई अंथरुणाला खिळली म्हणून तो गावी परतला. आई गेली, तो राहिला, कणही राहिला. त्याची बायको फीपे म्हणते, हा माणूस जेवायचं ताटसुद्धा आधी तिरकं धरून बघतो.

एवढा हुशार माणूस म्हणजे गावात वजन असेल असं तुम्हाला वाटेल. कसलं वजन! आमच्याकडे घराण्याची उपाधी मिळून मताई झालात तर तुम्ही मोठे. नाही झालात, तर केस पांढरे झाले तरी तुमची गणती पोरांत. नारळ खवा, भट्टीचे दगड तापवा, ताटं वाहा, आणि मताईंची सभा भरली की बाहेर उकिडवे बसा. एनेलिको परदेशात असताना घराण्याची मोठी उपाधी त्याच्या धाकट्या चुलतभावाला गेली. उपाधीचं नाव ताउला, म्हणून भावाचंही नाव आता ताउला. याच भावाला एनेलिकोने लहानपणी खांद्यावर बसवून समुद्रावर नेलं होतं. आता चारचौघांत त्याला 'तुम्ही' म्हणायचं. ताउला तसा भला, आसपास कोणी नसलं की 'दादा' म्हणतो.

फीपेचं तर याहून वाईट. बायकांची जागा नवऱ्यांच्या जागेवरून ठरते. रविवारी चर्च सुटलं की मताईंच्या बायका चटईवर बसतात आणि बाकीच्या त्यांना कोको ओततात. फीपे त्रेपन्न वर्षांची. सुनेच्या वयाच्या पोरींपुढे वाकून ती अकरा वर्षं किटली फिरवत होती. तोंडातून कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त घरी आली की किटली जरा जोरात खाली ठेवायची, आणि तो आवाज एनेलिकोच्या थेट काळजात जायचा.

यंदा मात्र देवाने मनावर घेतलं होतं. एक म्हातारा काका वारला आणि घराण्यातली धाकटी उपाधी मोकळी झाली. घराण्याची दोनदा बैठक झाली, ताउलाने शब्द टाकला, आणि एनेलिकोचं नाव ठरलं. दोन आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारी त्याला मताई करायचं. घरामागे एक डुक्कर त्यासाठी पोसलं जात होतं. फीपेने गादीखालची, समारंभात भेट द्यायची विणलेली बारीक चटई काढून दोनदा वाऱ्यावर टाकली होती, आणि ती चक्क गुणगुणत होती.

पण उपाधी काही फुकट मिळत नाही, गावाची सेवा दाखवावी लागते. कुणी मासे आणून देतं, कुणाची मुलं परदेशातून चर्चच्या छपराला पत्रे पाठवतात. एनेलिकोला ना होडी, ना मूल. त्याची सेवा एकच. तो दर शनिवारी पाद्रीबाबांची गाडी धुवायचा.

ही गाडी अख्ख्या गावाने वर्गणी काढून पाद्रीबाबांना दिलेली. जपानात वापरून झालेली, पण नव्यासारखी. रंग काळा. काळी घेऊ नका म्हणून एनेलिकोने ताउलाच्या हातापाया पडून सभेत निरोप पाठवला होता. पांढरी घ्या, रुपेरी घ्या, पिवळीधमक घ्या, पण काळी नको, काळ्या रंगावर माशी बसून गेलेलीही दिसते. सभेतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, पाद्रीबाबांना काळाच शोभतो. झालं. गाडी बोटीवरून उतरली त्या दिवशी गाव नाचत होतं आणि हा एकटा घरात ताप आल्यासारखा पडून होता.

तेव्हापासून त्याने त्या गाडीला दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नाही. धुवायचं तर सावलीत, आणि पत्रा गार झाल्यावर. आता सावली कुठली? फणसाचा चीक ठिबकतो, आंब्याचा डिंक गळतो, नारळाखाली तर शत्रूचीही गाडी लावू नये. म्हणून दुपारी चारनंतर चर्चच्या भिंतीची सावली. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची, कोरड्या धुळीला हात लावायचाच नाही. मग दोन बादल्या, एकीत साबण आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. दुसरीच्या तळाशी विणलेली टोपली उपडी घातलेली, म्हणजे वाळू खाली बसते आणि पुन्हा वर येत नाही. मोजा मेंढीच्या लोकरीचा, बहिणीने ऑकलंडहून पाठवलेला. टपापासून सुरुवात करून खाली उतरायचं, हात सरळ रेषेत न्यायचा, गोल गोल फिरवायचा नाही. चाकांचं फडकं वेगळं, आणि ते कुणी गाडीच्या अंगाला लावलं तर एनेलिको जेवायचा नाही. पुसतानाही घासायचं नाही. जाड टॉवेल पसरायचा आणि लहान बाळाच्या अंगावरची चादर ओढावी तसा अलगद ओढायचा. शेवटी गाल पत्र्याशी नेऊन तिरकं बघायचं. पोरं त्याला 'गाडीची सुईण' म्हणत, आणि तो रागावतही नसे, कारण त्याचं लक्षच नसे.

तो शनिवार मात्र सकाळपासून वाकड्यात शिरला होता. दुसऱ्या दिवशी राजधानीहून, आपियाहून, चर्चची वडीलधारी मंडळी येणार होती. ती रात्री शेजारच्या गावी मुक्कामाला, आणि रविवारी सकाळी सातला त्यांना आणायला पाद्रीबाबांची गाडी जाणार. रविवारी आमच्याकडे काम करायची बंदी, गाडी धुणं तर दूरच, कुणी कपडाही पिळत नाही. म्हणजे जे काय करायचं ते शनिवारी. एनेलिकोने दुपारी ओहोटीला गावच्या झऱ्यावरून दोन पिंपं भरून चर्चमागे ठेवली, कारण भरती आली की त्या झऱ्यात समुद्र शिरतो आणि पाणी मचूळ होतं. मग तो पाद्रीबाबांची वाट बघत बसला.

चार वाजले, पाच वाजले. पाद्रीबाबा बेटाच्या पलीकडच्या टोकाला एका मयताला गेले होते. इतक्यात चर्चची फरशी धुवायला बायकांची फौज आली, पाहुणे यायचे म्हणून भलत्याच उत्साहात, आणि दोन्ही पिंपं रिकामी करून हसत-गात निघूनही गेली. एनेलिको घरून टॉवेल घेऊन परतला तर पिंपांत त्याचंच तोंड दिसेना. आणि त्या बायकांत फीपेही होती! तिला विचारलं तर ती म्हणाली की पाण्यावर काय नाव लिहिलं होतं का. आता झऱ्यात समुद्र शिरलेला. घरच्या टाकीत पावसाचं पाणी होतं, त्यातून त्याने तीन बादल्या भरून बाजूला ठेवल्या, शेवटचं खळबळायला. टाकीत त्याहून जास्त नव्हतंच. बाकी धुणं मचूळ पाण्यावर भागवायचं होतं.

पावणेसहाला गाडी आली. एनेलिकोने बघितलं. खालपासून काचेपर्यंत लाल चिखल, वर समुद्राचा खार, आणि बॉनेटवर, टपावर वटवाघळांची घाण. वटवाघळं पपई खातात आणि त्यांची विष्ठा रंगात तेजाबासारखी उतरते. पत्र्यावर तळहात ठेवला तर चटका बसला. दोन तास इंजिन चाललेलं, त्यात काळा रंग, त्यात दिवसभराचं ऊन.

अशी तापलेली गाडी धुवायची नाही, तासभर थांबायचं, हे त्याला झोपेतही ठाऊक. पण तेवढा वेळ होता कुठे? तासाभराच्या आतच शंख होणार. सांजेची प्रार्थना, आम्ही तिला सा म्हणतो, ती गावात कुणी चुकवत नाही. पहिला शंख झाला की घराकडे निघायचं, दुसऱ्याला आत बसून प्रार्थना सुरू करायची, आणि तिसरा होईपर्यंत बाहेर चिटपाखरूही नाही. रस्त्यावरची मोटारसुद्धा जागच्या जागी थांबते. दर संध्याकाळी एक मताई हातात काठी घेऊन रस्त्यावर पहारा करतो. मोडणाऱ्याला दंड, तो असू दे, दंड भरता येतो. पण आमच्या आज्ज्यांच्या काळापासून गावचा आणखी एक नियम आहे. सा मोडणाऱ्याला वर्षभर नवी उपाधी नाही, आणि वर्षाने मिळेल असंही नाही. त्या संध्याकाळी पहारा होता ताउलाचा.

"राहू दे आज," फीपे समोरच्या घरातून म्हणाली. "एक रविवार मळकी गेली तर काय आभाळ कोसळतंय?"

एनेलिको बादल्यांकडे वळला. तो मनात मिनिटं मोजत होता. नुसतं पाणी दहा मिनिटं, साबण पंधरा, खळबळणं दहा. बसेल. बसायलाच पाहिजे. त्याने पाणी सोडायला सुरुवात केली.

आणि बसलंही असतं. पण ती वटवाघळांची घाण. दुसऱ्या कुणी नखाने खरवडून काढली असती. एनेलिकोने तिच्यावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आणि ती मऊ व्हायची वाट बघत उभा राहिला. दहा मिनिटं. गावात धूर चढत होता, पोरं समुद्रावरून परतत होती, एकेका घरात दिवा लागत होता, आणि हा फडक्याकडे बघत उभा. त्याची मान सारखी रस्त्याकडे वळत होती. दहाची आठ करावीत असं एकदा त्याच्या मनात आलं, आणि त्याने केली नाहीत. आता अशा माणसाला काय म्हणायचं? तोच त्याचा घात.

टपाला साबण लावून झाला, बॉनेटला झाला, दोन्ही बाजूंच्या दारांना झाला, आणि पहिला शंख वाजला.

एनेलिकोने मोजा बादलीत टाकला. त्याने मचूळ पाण्याची बादली उचलून टपावर सोडली, दुसरी सोडली. टप मोकळा झाला. दारांवर अर्धी बादली पडली. बॉनेट तसंच, फेसाने भरलेलं. पावसाच्या पाण्याच्या बादलीला हात घातला तोच दुसरा शंख. रस्त्यावरून ताउला सावकाश येत होता, काठी टेकत. त्याने भावाकडे बघितलं आणि काठीच्या टोकाने घर दाखवलं. एनेलिकोने बादली खाली ठेवली आणि घर गाठलं.

त्याचं घर चर्चच्या समोरच, वीस पावलांवर. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. म्हणजे प्रार्थनेला बसल्या जागेवरून गाडी समोर दिसत होती. आणि कर्ता पुरुष तो, तेव्हा प्रार्थना त्यानेच सांगायची.

फीपेने स्तोत्र सुरू केलं. तो तोंड हलवत होता आणि डोळे बॉनेटवर. फेस खाली बसत होता. आधी मोठे बुडबुडे फुटले, मग उरला तो दुधट थर, आणि तो थर कडेकडून आत सरकायला लागला. पुढच्या बाजूला, जिथे खाली इंजिन असतं तिथे, हाताच्या पंजाएवढी जागा कोरडी झाली. मचूळ पाणी, साबण आणि तापलेला काळा पत्रा. ती वर्तुळं पांढरी उमटणार. एकदा रंगात बसली की पाण्याने जात नाहीत, घासून काढावी लागतात, आणि घासलं की रेघा. उद्या सकाळच्या उन्हात अख्खं बॉनेट फुटक्या आरशासारखं दिसणार, आपियाच्या मंडळींसमोर, सगळ्या गावासमोर.

त्याने बायबल उघडलं आणि एक ओवी वाचली. मग तीच पुन्हा वाचली. फीपेने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. त्याने तिसऱ्यांदाही तीच वाचली असती, पण नजर पुन्हा बाहेर गेली. पंजाएवढी जागा ताटाएवढी झाली होती. देवा, तो मनात म्हणाला, एक सर पाठव, छोटीशी. आभाळ धुतल्या काचेसारखं स्वच्छ होतं.

"प्रार्थना कर," फीपे ओठ न हलवता म्हणाली.

त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे ऑकलंडची ती रेघ उभी राहिली, उन्हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने प्रार्थना सुरू केली, गावासाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवासाला गेलेल्यांसाठी, आणि मध्येच थांबला. तो उठून उभा राहिला होता. आपण कधी उठलो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

फीपेने त्याच्या लुंगीचा काठ धरला. अकरा वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"बस खाली," ती म्हणाली. "पंधराच दिवस राहिलेत, एनेलिको. माझ्यासाठी बस."

"वाळतंय गं," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "फीपे, ते वाळतंय."

तिच्या हातातून काठ सुटला की तिने सोडला, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

वीस पावलं. चारी बाजूंनी घराघरांतून स्तोत्रं येत होती. भिंती नसलेल्या त्या घरांतून सगळ्यांना सगळं दिसत होतं. सूर एकदा खाली गेले, अडखळले, मग पुन्हा वर आले, कारण थांबायची परवानगी कुणालाच नव्हती. रस्त्यावर ताउला उभा होता. त्याने काठी उचलली, भावाने बघावं म्हणून हवेत धरली. एनेलिकोने बघितलंही. मग त्याने पावसाच्या पाण्याची पहिली बादली उचलली.

आता गंमत ऐका. संध्याकाळभर जो मिनिटं मोजत होता त्याला त्या वेळी कसलीही घाई नव्हती. त्याने पाणी फेकलं नाही. काचेच्या खालच्या कडेशी बादली टेकवून हळूच कलती केली आणि पाण्याची एकसंध चादर बॉनेटवरून खाली जाऊ दिली. वाळलेल्या जागेवर ओला मोजा नुसता ठेवला, दाबला नाही, तिथला थर भिजू दिला. मग दुसरी बादली. तिसरीतली अर्धी दारांवर, अर्धी पुन्हा बॉनेटवर. टॉवेल पसरला, ओढला. पसरला, ओढला. अकरा वर्षांत त्याने इतकं बिनघोर काम कधी केलं नव्हतं, कारण आता घाबरायला उरलंच काय होतं.

तिसरा शंख झाला तेव्हा तो चाकापाशी खाली बसला होता.

ताउला आला. त्याने काठी काखेत मारली. घरांतून माणसं बाहेर पडत होती, पण जवळ कुणी आलं नाही.

"दादा, मला दिसलं नसतं तर फार बरं झालं असतं," तो म्हणाला. "पण सगळ्या गावाने बघितलं, आणि पहारा माझा."

"हो," एनेलिको म्हणाला. "तुमचाच होता."

"सोमवारी सभेत मलाच सांगावं लागेल. त्या शनिवारचं आता मनातून काढून टाक. दंडाला ते डुक्कर दे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कशासाठी रे? थोड्या फेसासाठी?"

एनेलिकोने सांगायचा प्रयत्न केला. मचूळ पाणी, तापलेला पत्रा, पांढरी वर्तुळं. बोलता बोलता त्यालाच ते ऐकवेना. ताउलाने मान हलवली, भावाच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि निघून गेला.

त्या रात्री फीपेने किटली अगदी अलगद खाली ठेवली. तिने बारीक चटईची घडी घातली, गादीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करावं तर भिंत नाही म्हणून समुद्राकडे तोंड करून झोपली. एनेलिको पडून राहिला. त्याला वाटत होतं तिने भांडावं, किटली आपटावी, काहीतरी करावं. उपाधी गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण खरं सांगायचं तर एक भीती त्याहून वाईट होती. अंधारात नीट बघता आलं नव्हतं. इतकं करूनही डाग राहिले असतील तर?

सकाळी सातला पाद्रीबाबा किल्ली हलवत गाडीपाशी आले. त्यांना कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. ते अवघडून म्हणाले की मी सभेत बोलू का, माझ्याच गाडीसाठी झालं हे.

"नका बोलू, पाद्रीबाबा," एनेलिको म्हणाला. "गाडीसाठी सा वाकवली असं होईल. मग उद्या कुणीही वाकवेल."

"अरे पण सोमवारी पुन्हा धुता आली असती की."

"नसती आली," तो म्हणाला. ऊन अजून झाडांआड होतं, गाडीवर पडलं नव्हतं. पाद्रीबाबा तशीच गाडी काढून निघून गेले, आणि त्याला उन्हात बघायला मिळालं नाही.

नऊ वाजता गाडी परत आली आणि चर्चच्या पायऱ्यांसमोर भर उन्हात थांबली. अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत उभं होतं. आपियाची मंडळी उतरली, हार घातले गेले, हात मिळवले गेले. एकाने आपली छत्री बॉनेटवर ठेवून चष्मा पुसला. दुसरा बोलता बोलता दाराला टेकला, त्याच्या पट्ट्याचं बक्कल पत्र्याला लागतंय की नाही इकडे एनेलिकोचा श्वास अडकलेला. गाडीकडे कुणी बघितलं नाही. एका माणसानेही नाही. बॉनेटवर पांढरी वर्तुळं सोडा, कुणी तिथे कोंबडी बसवली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. घंटा झाली आणि सगळे आत गेले. पोरांच्या बाकावर मागे बसून एनेलिको सगळा वेळ खाली बघत राहिला. आपण काय कशासाठी घालवलं हे त्याला तेव्हा पुरतं कळलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की चर्च सुटल्यावरही तो गाडीजवळ गेला नाही. चर्चच्या एका खांबाआड उभा राहिला.

बाहेर चटया पसरल्या. मताईंच्या बायका एकेक करून बसल्या. त्यांत एक जागा फीपेने मनात कधीची धरून ठेवली होती, आंब्याच्या बाजूची, दुसऱ्या रांगेतली. तिथे एक पंचविशीची पोरगी बसली. फीपे किटली घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, डोक्यावर पांढरी टोपी, रविवारचा इस्त्रीचा झगा. चटईकडे वळायच्या ऐवजी ती गाडीकडे गेली.

तिने किटली जमिनीवर ठेवली, पत्र्यापासून लांब. मग कमरेत वाकली, गाल बॉनेटशी नेला आणि एक डोळा मिटून उन्हात तिरकं बघितलं, अगदी तो बघतो तसं. गाडीभोवती पूर्ण फेरी घातली. दारांपाशी पुन्हा वाकली. चटईवरच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. तिने कुणाकडे बघितलं नाही. ती सरळ झाली आणि खांबाकडे, तो लपला होता तिकडे, बघून म्हणाली, "एकही नाही."

मग तिने किटली उचलली आणि दुसऱ्या रांगेपासून कोको ओतायला सुरुवात केली.